धुरपदाचा सातवा दरवाजा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बावीस दिवस उरले होते तेव्हा मी धुळ्याला भिकू अक्काकडे गेलो. भिकू अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. माझी बायको लता पौषात गेली.

आमच्याकडे ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं असेल, त्या घरी पहिल्या आखाजीला घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर एक डांगर, म्हणजे खरबूज. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला पाटावर बसवून जेवू घालायचं. पुरुष गेला असेल तर पुरुष, सवाष्ण गेली असेल तर सवाष्ण. ते माणूस जेवून पाणी प्यायलं की मग घरचे जेवतात. गल्लीतली कोणीही बाई आनंदाने बसली असती. पण लताच्या माहेरचं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे अक्का. पाटावर अक्काच बसावी असं माझ्या मनात होतं.

“मी येत नही,” अक्का म्हणाली. पाण्याचा तांब्या तिने नंतर दिला, आधी हे सांगितलं.

अक्का मूळची पहूरची, पण चाळीस वर्षं धुळ्यात काढून तिची बोली पार अहिराणी झाली होती.

“का नाही?” मी विचारलं.

“गोष्ट अर्धी शे.”

“कोणती गोष्ट?”

“धुरपदाची! एका घरात राहत होतास ना तिच्यासोबत? का भाड्याने राहत होतास?”

खाटेवर बसलेले रुपचंद आबा, म्हणजे अक्काचे यजमान, छताकडे बघून हसले.

गोष्टीबद्दल मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. लता दर महिन्याला एक कॅसेट भरून अक्काला पाठवायची. दोघींना लिहायचा कंटाळा. कॅसेटच्या एका बाजूला लता बोलायची, दुसऱ्या बाजूला अक्का उत्तर भरायची आणि कॅसेट परत जळगावला यायची. नेणं-आणणं वना ड्रायव्हर करायचा, तो जळगाव-धुळे गाडीवर होता. मला वाटायचं, बहिणीबहिणींच्या गप्पा आहेत, लोणची नि दुखणी. मी कधी कान दिला नाही.

अक्काने मला समजावून सांगितलं, तेही लहान पोराला सांगावं तसं. जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी सुपडूने घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेम लावले होते. तीन टीव्ही, खेळायला तीन दांडे. तिथून लताला ही गोष्ट सुचली. पहूरची धुरपदा जळगावच्या बाजाराला येते, तहान लागली म्हणून गेमच्या दुकानात शिरते, टीव्हीतला माणूस खरा आहे का ते बघायला वाकते आणि तिचा पदर टीव्हीत अडकतो. पदराबरोबर धुरपदाही आत. आत सगळाच गेम. आभाळ कायम निळं, संध्याकाळ होतच नाही. पैसे हवेत टांगलेले. जमिनीला मधेमधे खड्डे. सात दरवाजे ओलांडले तर घरी परत जाता येतं, आणि जवळ जीव तीन.

“एक जीव गया खड्डामा,” अक्का बोटांवर मोजत म्हणाली. “मागून कोणी हाक मारली म्हणून बघायला गेली. दुसरा गया आगीच्या गोळ्याशी भांडताना. आता एक उरला. सातव्या दरवाज्यासमोर उभी आहे, आणि माझी बहीण म्हणते, ‘अक्का, माझ्या पोळ्या राहिल्यात, पुढचं पुढच्या खेपेला.’ कॅसेट संपली. दोन दिवसांनी तुझी तार.”

मग म्हणाली, “गोष्ट अर्धी टाकून जाणारी बाई नव्हती ती. शेवट कुठेतरी असेल. तो आण, मग मी बसते पाटावर.”

तेव्हा मी खोटं बोललो. म्हणालो, “शेवट तिने मला सांगून ठेवलाय.”

अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी तांब्यातलं उरलेलं पाणीही पिऊन टाकलं.

“मग भर आणि पाठव,” ती म्हणाली.

मी एकतीस वर्षं धरणगावला जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की वजन घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, पुढची गाडी. एवढंच माझं बोलणं. घरी आल्यावर मी दार लावलं, टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि बोललो:

“धुरपदा सातव्या दरवाज्यापाशी उभी होती. दरवाजा लोखंडी. उंची अंदाजे दहा फूट. आत राक्षस एक. धुरपदाने त्याला मारलं. ती घरी आली. वेळ दुपारची.”

दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मी पुन्हा ऐकलं, मला बरं वाटलं. सगळं आलं होतं.

चार दिवसांनी वनाने कॅसेट परत आणून दिली. देताना त्याचं तोंड हसू दाबल्यासारखं होतं. मी मागची बाजू लावली.

“पाव्हना,” अक्काचा आवाज आला, “हाई गोष्ट शे का पंचनामा?”

मागे रुपचंद आबा खो खो हसत होते. अक्का त्यांना म्हणाली, “तुम्ही बटण धरा, हसू नका.” मग पुन्हा मला: “राक्षसाला मारलं, पण कशाने मारलं? राक्षस काय बोलला? धुरपदा काय बोलली? वेळ दुपारची म्हणतोस, आणि तिथे संध्याकाळच होत नाही तर दुपार कशी कळली तुला? परत भर.”

मी वनाला विचारलं, “तू ऐकलीस?”

“नाना, मी पहिल्यापासून ऐकतोय,” वना म्हणाला. “काकूंनी परवानगी दिलेली होती. कॅसेट एक रात्र माझ्या घरी मुक्काम करते, मग पुढे जाते. आमच्या घरचीने तुमची ऐकली आणि मला म्हणाली, रेडिओवर बाजारभाव सांगतात ते हेच का?”

मग मी सुपडूकडे गेलो. सुपडू तिशीचा, अंगाने आडवा, दिवसभर स्टुलावर बसून दांडे दुरुस्त करायचा. दुपारी पोरं शाळेत असताना त्याचं दुकान रिकामं असतं.

“सुपडू, मला सातवा दरवाजा बघायचाय.”

“नाना, आधी पहिला बघा,” तो म्हणाला आणि माझ्या हातात दांडा दिला.

टीव्हीवर एक बोटाएवढा माणूस उभा होता. मी दांडा पुढे केला. माणूस चालला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा आला, पुन्हा पडला. मी अकरा वेळा त्याच खड्ड्यात पडलो.

“उडी मारायचं बटण आहे, नाना.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम पडताय.” सुपडूने दांडा स्वतःकडे घेतला. “काकू इथे सहज पुढे जायच्या. मांडीवर वालाचं सूप असायचं, दाणे निवडत निवडत खेळायच्या. मला म्हणायच्या, सुपडू, तू मागच्या जन्मी विटीदांडू विकणारा असशील, पोरांच्या हातात दांडे देतोस.”

“ती खेळायची?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. दुपारी मी झोपायचो.

“सातव्यापर्यंत गेली होती का?”

“एकदाच. दरवाजा समोर आला तसा त्यांनी दांडा खाली ठेवला. मी म्हटलं, काकू, जा की आत! तर म्हणाल्या, आत काय आहे ते मला कळलं तर अक्काला काय सांगू? आणि उठून गेल्या.”

सुपडूला पुढचं माहीत होतं. त्याने मला खेळून दाखवलं. अर्धा तास लागला. सातव्या दरवाज्यातून तो माणूस आत गेला, टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं, पों पों वाजलं, आणि माणूस पुन्हा पहिल्या दरवाज्याशी उभा. तेच निळं आभाळ, तोच खड्डा. फक्त सगळं जास्त जोरात पळत होतं.

“बस? एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच, नाना. परत पहिल्यापासून.”

हे अक्काला सांगण्यात काही अर्थ नव्हता. एवढी मरमर करून बाई पुन्हा पहिल्या दरवाज्याशी, असा शेवट कोणाला आवडेल? मी आणि सुपडूने मिळून वेगळा शेवट जुळवला. सुपडूने पराती वाजवून दरवाज्याचा आवाज काढला. राक्षसाचा आवाज त्याने तोंडाला तांब्या लावून काढला. राक्षस म्हणतो, मला भूक लागली आहे. धुरपदा म्हणते, राक्षस महाराज, मी आपल्याला भरीत करून घालते. मग ती तुराट्या पेटवून वांगी भाजते, हिरवी मिरची ठेचते, राक्षस खातो, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तो दरवाज्याची किल्ली देतो आणि धुरपदाच्या पाया पडतो. पंचवीस मिनिटं झाली. सुपडूची आई पुष्पाबाई दारातून ऐकत होती, ती म्हणाली, “छान झालं हो. फक्त राक्षसाला पळी-पळीने तेल वाढायला पाहिजे होतं.” आम्ही ते पुन्हा भरलं.

उत्तर आलं तेव्हा आखाजीला दहा दिवस होते.

या वेळी आबांचं हसू नव्हतं. अक्का म्हणाली, “भरीत चांगलं शे. पण ती धुरपदा नही. ‘राक्षस महाराज’ म्हणते? मनी बहीणनी धुरपदा राक्षसाला ‘मेल्या, आधी हात धुऊन ये’ म्हणाली असती. तुले तिनी काहीच सांगेल नव्हतं, पाव्हना. तू खोटं बोलना. मी येत नही. आता कॅसेट पाठवू नको.”

बटण खट्‌कन बंद झालं.

मी दोन दिवस काहीच केलं नाही. पुष्पाबाई म्हणाली, “नाना, मी बसते पाटावर, लताबाई मला काही परकी नव्हती.” “बघू,” मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात दहा कॅसेटी होत्या. अकरावी अक्काकडेच राहिली होती. शेवट त्यांत नाही हे मला माहीत होतं. तरी पहिली लावली. सकाळी सुरुवात केली. दिवेलागणीपर्यंत पाच झाल्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी.

लताचा आवाज घरात होता तसाच कॅसेटमध्ये होता. मधेच “थांब वं अक्का, दूध उतू जातंय” म्हणायची, मग भांड्याचा आवाज, मग पुन्हा धुरपदा. एका जागी मी घोरत होतो तेही ऐकू येत होतं. लता हळूच म्हणाली, “हा आगीच्या राक्षसाचा आवाज समज.”

दुसऱ्या दरवाज्यावर एक काटेवाला आला. मी उठून बसलो. दरवाज्यावर मोठा काटा, काट्याशेजारी एक माणूस. जो येईल त्याला तो काट्यावर उभं करतो, वजन मोठ्याने सांगतो, जास्त भरलं की परत पाठवतो. त्याला दुसरं काही बोलता येत नाही. धुरपदाच्या ओटीत हवेतून तोडलेले पैसे, ती जड. ती म्हणते, “दादा, काटा बरोबर आहे का पण? आधी तू चढून दाखव.” काटेवाला विचार करतो. त्याला पटतं. तो चढतो, स्वतःचं वजन मोठ्याने सांगतो, आणि तोवर धुरपदा मागून निघून जाते. तिसऱ्या दरवाज्यावर पुन्हा तोच काटेवाला. पुन्हा तीच युक्ती. पुन्हा तो चढतो.

“असा कसा गं तो?” मागच्या बाजूला अक्का विचारते. पुढच्या कॅसेटमध्ये लताचं उत्तर: “अक्का, तो वाईट नाही. त्याला काट्यावर भरवसा फार.”

मग पोपट. पहिल्या कॅसेटच्या मागच्या बाजूला अक्काने नऊ चुका काढल्या होत्या. पहूरहून बाजाराला अमक्या वारी कोणी जात नाही, धुरपदा घरून निघाली तेव्हा चुलीत विस्तव होता तर तो विझवला का नाही, असल्या. दुसऱ्या कॅसेटपासून प्रत्येक दरवाज्यावर एक पोपट बसायला लागला. धुरपदा काहीही करो, पोपट ओरडतो, “चुकली! चुकली!” धुरपदा त्याला मिरची देते, तो मिरची खातो आणि म्हणतो, “तिखट कमी.” तरी तो उडून जात नाही. ती जिथे जाईल तिथे आधीच जाऊन बसलेला असतो.

मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारून पुष्पाबाईने डोकावून बघितलं.

दहाही कॅसेटी ऐकून झाल्यावर मला एक गोष्ट कळली. अक्काला चांगली गोष्ट पाठवून ती येणार नव्हती. चांगली गोष्ट तिने घरी बसून ऐकली असती.

मी लाल बटण दाबलं. या वेळी सुपडूला बोलावलं नाही. काट्यावर बोलायचो तसा सावकाश, मोठ्याने बोललो:

“अक्का, हा खरा शेवट. लताने मला सांगितलेला. धरणगावची धुरपदा, जिने पाच दरवाजे ओलांडले आणि जिच्याजवळ दोन जीव उरले होते, ती आठव्या दरवाज्यासमोर उभी होती. पोपट तर चौथ्या दरवाज्यावरच मेला. त्याला कावीळ झाली होती. धुरपदाने कावळा पाळला. संध्याकाळ झाली होती, चांदणं पडलं होतं. काटेवाला फार हुशार माणूस. त्याला धुरपदा एकदाही फसवू शकली नाही. मग दरवाज्यातून राक्षसीण आली. ती म्हणाली, मला खापरावरचे मांडे करून दे. धुरपदा म्हणाली, मला येतात, माझ्या नवऱ्याने शिकवले. माझ्या मोठ्या बहिणीचे मांडे खापरावर टाकतानाच फाटतात, तिला पुरण पातळ करायची सवय आहे. लोकांना सांगते, मांडे करते, आणि वाढते ती धिरडी…”

असं वीस मिनिटं. प्रत्येक वाक्यात मी काही ना काही चुकवत होतो. बरोबर बोलण्यापेक्षा हे अवघड निघालं, कारण चुकवायला आधी बरोबर काय ते आठवावं लागतं. शेवटी म्हणालो, “आखाजीला पाटावर पुष्पाबाई बसणार आहे. मांडेही तीच करणार. तिचे फाटत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी वना कॅसेट हातात घेऊन आला, तो ती ऐकूनच आला होता, कारण मी ती आदल्या दिवशी त्याच्या घरी दिली होती. त्याचा चेहरा पडला होता.

“नाना, पोपट मेला नाही. तो दहाव्यातही आहे.”

“माहीत आहे.”

“आणि काटेवाल्याला तर ती चार वेळा फसवते!”

“पाच वेळा.”

“आमच्या घरचीने जेवण केलं नाही रात्री. म्हणाली, नानांना वयाने झालं असेल.” मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला. “आणि अक्कांच्या मांड्यांबद्दल हे असलं? ते मी नेऊन देऊ? मला गाडी रोज तिथूनच काढायची असते.”

“तू फक्त दे. थांबू नको.”

“थांबतोय कशाला,” वना म्हणाला.

चार दिवस काही उत्तर नाही. कॅसेट नाही, निरोप नाही. पाचव्या दिवशी, म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी, मी घागर आणली. डांगर आणलं. आंबे आणले. पुष्पाबाईला विचारून डाळ भिजत घालायची म्हणून काढून ठेवली. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोका खेळतात, म्हणून गल्लीत कडुलिंबाला पोरींनी झोका बांधला होता. मला वाटलं, जास्त झालं. मेलेल्या बाईच्या बहिणीला मी धिरडी म्हणालो.

साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी आवाज आला.

“पोपट मरी गया? कोनी सांगं तुले?”

अक्का येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फडक्यात बांधलेलं स्वतःचं खापर. धुळ्याहून मांडीवर धरून आणलेलं. मागे रुपचंद आबा दोन पिशव्या घेऊन. आणि त्यांच्या मागे वना, ड्रायव्हरच्या खाकी कपड्यांत, ज्याला गाडी डेपोत लावून इथे यायचं काहीच कारण नव्हतं.

“पहूरची धुरपदा धरणगावची कशी झाली? आठवा दरवाजा कुठून काढलास? चांदणं! तिथे संध्याकाळ होत नाही आणि याचं चांदणं!” ती बोलत बोलत घरात आली, खापर उतरवलं, चूल बघितली, पुष्पाबाईला म्हणाली, “तू बस बाई, तुझा दोष नाही,” आणि पदर खोचला. “डाळ कुठे आहे?”

मी डाळ दाखवली.

“ही कमी आहे.”

“मी मोजून—”

“कमी शे.”

आखाजीच्या दिवशी सकाळी तिने मांडे केले. हातावर कणकेचा गोळा झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उपड्या तापल्या खापरावर टाकायचा. एकही फाटला नाही. प्रत्येक मांडा खापरावर टाकताना ती माझ्याकडे बघायची आणि माझी एकेक चूक सांगायची. पुष्पाबाई, सुपडू, वना, आबा, सगळे दारात बसून ऐकत होते. मांडे होत होते आणि धुरपदा एकेक दरवाजा नीट ओलांडत होती.

“एकवीस चुका शेतस,” शेवटी अक्का म्हणाली. “एवढ्या चुका माणूस चुकून करत नाही. तुला वाटलं मला कळलं नाही?”

“मग आलात कशा?”

“धिरडी म्हणालास ना. म्हणून आले.” तिने घाम पुसला. “आणि पोपट कोण ते मला दुसऱ्या कॅसेटलाच कळलं होतं. तुला तुझा काटेवाला कळायला बाई जावी लागली.”

वनाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“खरं सांग,” अक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “सातव्याच्या पुढचं तुला काहीच सांगितलं नव्हतं तिने?”

“नाही. आणि तिलाही माहीत नव्हतं. तिने मुद्दाम बघितलं नाही.” मग मी तिला सुपडूने दाखवलेलं सांगितलं. आत गेलं की पुन्हा पहिला दरवाजा. तेच आभाळ, तोच खड्डा, फक्त सगळं जास्त जोरात. “मला वाटलं, हा काही शेवट नाही. म्हणून भरला नाही.”

अक्का खापराकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तेही तिने मिठाच्या हाताने पुसलं आणि डोळा झोंबला म्हणून मलाच शिवी दिली.

“म्हणजे ती मेली परत पहिल्यापासून सुरू झाली,” ती म्हणाली. “तीनही जीव परत. आणि त्या काटेवाल्याला परत चढवत असेल काट्यावर.”

“चढत असेल तो,” रुपचंद आबा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

“पाट मांड,” अक्का मला म्हणाली. “पूर्वेला तोंड करून. ती पूर्व नाही. इकडे.”

मी पाट मांडला. घागर भरली, वर डांगर ठेवलं. पुष्पाबाईने अक्काला कुंकू लावलं. मी तिच्या पायांवर पाणी घातलं. एरवी तिने माझ्यापुढे पाय केले नसते, त्या दिवशी केले. आमरस, मांडे, कुरडई, सांजोरी वाढली, चुलीत लताच्या नावाने आगारी, म्हणजे पानातला घास, टाकली. अक्का जेवायला बसली. सगळं पान खाल्लं, सावकाश. मी समोर उभा होतो. तिने पाण्याचा पेला उचलला, ओठाला लावला, आणि खाली ठेवला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नही,” अक्का म्हणाली. “तू कसा बघतोस ते बघत होते.” आणि पेला उचलून सगळं पाणी प्यायली.

मग घरचे म्हणून मी जेवायला बसलो. अक्काने वाढलं. दारात बसलेल्यांनाही वाढलं, वनाला दोनदा. तेवढ्यात लिंबाखालून पोरींची गाणी ऐकू आली तशी अक्का हात पुसत बाहेर गेली. आबा मागून ओरडले, “अगं, दोरी बघ आधी! तुझं वय बघ!” ती झोक्यावर बसली होती. पोरी बाजूला सरकल्या.

“बघत काय उभ्या आहात? ढकला!” अक्काने पोरींना हुकूम सोडला. “जोराने! माहेरी आलेय मी.”

मी दुसरा मांडा घेतला.